आकडा तोंडानं म्हणायचा

समोर घड्याळ असतं, डोळे उघडे असतात, काटा स्वच्छ दिसत असतो, आणि तरी माणसाला तो दिसत नाही. हे कसं होतं, या एका प्रश्नानं मला उभ्या जन्मात सोडलं नाही. डॉक्टरांना विचारलं, शाळामास्तरांना विचारलं, एका कीर्तनकारालाही विचारलं. ते म्हणाले, माया. मी म्हटलं, महाराज, मायेला सगळं जग सोडून विमानातलं घड्याळच बरं सापडलं! ते रागावले आणि पुढं माझ्याशी बोललेच नाहीत. तेव्हा आता मीच सांगतो, काय झालं ते.

निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, पण ते आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक! दुसरी लढाई नुकती संपली होती आणि लढाईतून मोकळी झालेली विमानं माणसं वाहायला लागली होती. मी लातूरचा. उर्दू शाळेत शिकलो, हैदराबादेत बिनतारी संदेशाचं काम शिकलो आणि बाविसाव्या वर्षी विमानात बिनतारीवाला म्हणून लागलो. आमच्या अख्ख्या गल्लीत तोवर कुणी जिन्याच्या वर चढलेलं नव्हतं, आणि मी दर गुरुवारी ढगात! माझा रुबाब काय वर्णावा. सुट्टीत घरी आलो की टोपी तिरकी घालून गंजातून दोनदा चक्कर मारायचो, एकदा जाताना आणि एकदा उगीचच.

गंज म्हणजे आमचा धान्यबाजार. माझे वडील तिथं मापाडी होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. गळ्यात लिंग, डोक्याला पटका, आणि हातात पायली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची ज्वारी आणि तूर मोजली. आता पायलीनं माप घालायची रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि पायली भरायला घेतली की ती पोत्यात रिती होईपर्यंत मापाडी तोच आकडा मोठ्यानं घोकत राहतो. "लाभ, लाभ, लाभ, लाभ... दोन, दोन, दोन, दोन..." असं चालतं ते थेट संध्याकाळपर्यंत. त्या वेळी त्याला कुणी बोललं तरी तो उत्तर देत नाही. नमस्कार केला तर नुसती हनुवटी वर करतो. त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं की त्याच्या तोंडात आकडा आहे.

मला मात्र एकदा फार वाईट वाटलं होतं. तहसीलदार गंजात आले होते. सगळे आडते, हमाल उठून उभे राहिले, वाकून सलाम झाले. अप्पा वाकलेलेच होते, पण ज्वारीच्या ढिगावर. "सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस..." तहसीलदार समोर उभे, अप्पा सत्तावीसवर. तहसीलदारांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी बोलले आणि निघून गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तेव्हा शाळेत तहजीब शिकत होतो. मोठा माणूस बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, पाठ दाखवायची नाही, 'आधी आपण' म्हणून समोरच्याला पुढं करायचं. मनात म्हटलं, आपला बाप अडाणी तो अडाणीच.

आता विमानातलं उंचीचं घड्याळ. सोपं आहे, घाबरू नका. ते घड्याळ म्हणजे खरं तर हवेचा दाब मोजणारी एक डबी असते. तिला जमीन दिसत नाही. म्हणून ज्या गावी उतरायचं, त्या गावच्या हवेच्या दाबाचा आकडा बिनतारीवरून मागवायचा आणि घड्याळाखालची गुंडी फिरवून तो लावायचा. मग त्या गावच्या मैदानावर टेकलं की काटा बरोबर शून्यावर येतो. नांदेड खाली, गोदावरीच्या काठाला. लातूर वर पठारावर, नांदेडहून आठ-नऊशे फूट उंच. नांदेडचाच आकडा ठेवून लातूरला आलात, तर काटा हजार फूट दाखवतो आणि चाकांखाली असतात जेमतेम शंभर-दीडशे. काटा खोटं बोलत नाही. तो बिचारा नांदेडपासूनची उंची सांगत असतो.

तो आकडा मागवायचं काम माझं. नियम असा, की मी चिठ्ठी द्यायची, आकडा तोंडानं सांगायचा, कप्तानानं तो तोंडानं परत म्हणायचा आणि गुंडी फिरवायची. ते होईपर्यंत मी तिथून हलायचं नाही. मला हा नियम पोरकट वाटायचा. शिकलेली माणसं आम्ही, कागदावर लिहिलेलं वाचता येत नाही का?

त्या हिवाळ्यात अप्पा नांदेडला त्यांच्या बहिणीकडे गेले होते. आम्ही गुरुवारी हैदराबादहून निघून नांदेडला उतरायचो, तिथून लातूर, आणि दुपारी परत हैदराबाद. नोकरांच्या घरचं एक माणूस रिकाम्या जागेवर बसू शकायचं. मी अप्पांच्या मागे लागलो, की येताना विमानानं चला.

"मला जमिनीवर काय कमी पडून राहिलंय?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, अर्ध्या तासात लातूर. मोटारीत दिवसभर हाडं कशाला खिळखिळी करून घेता?"

"आणि खाली पडलं म्हंजे?"

"असं कसं पडेल? मी असतो ना तिथं."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "तू हाईस म्हणतोस तर बसतो."

आमचे कप्तानसाहेब हैदराबादचे, चाळिशीतले, लढाईत विमान चालवून आलेले. माणूस सोन्यासारखा. मला कधी अरे म्हटलं नाही, नेहमी "मियाँ". त्या दिवशी नांदेडला एक नवाबसाहेब चढले. ते आमच्या कंपनीच्या कारभारी मंडळातले. त्यांची जमीन उदगीरकडे होती आणि ते हुरड्याच्या दिवसांत दर आठवड्याला तिकडे जायचे. सलाम चुकला म्हणून त्यांनी एका मोटारड्रायव्हरला घरी बसवलेलं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना पुढं बसून बघायचं होतं. झालं, आमचा दुसरा वैमानिक उठून मागं प्रवाशांत गेला आणि नवाबसाहेब त्याच्या जागी बसले, मांडीवर चांदीचं पानदान घेऊन. अप्पा मागं पहिल्याच खिडकीशी बसले होते, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. माझी जागा कप्तानाच्या पाठीशीच. मी मागं वळून त्यांना हात केला. त्यांनी फक्त हनुवटी वर केली.

खाली धुरकट धुकं पसरलेलं. वर लख्ख ऊन. नवाबसाहेब शायरी करायचे, हे मला तोवर माहीत नव्हतं. विमान आकाशात स्थिर झालं आणि त्यांनी स्वतःची गझल काढली. एक शेर, मग त्याचा अर्थ, मग तोच शेर पुन्हा. कप्तानसाहेब "वाह, वाह, क्या बात है" म्हणत होते. हैदराबादी माणूस दाद दिल्याशिवाय कसा राहणार? इंजिनाच्या आवाजात नवाबसाहेबांना ओरडावं लागत होतं, कप्तानाला कान द्यावा लागत होता.

तेवढ्यात हेडफोनमध्ये लातूरचा आकडा आला. नऊशे एक्केचाळीस. मी चिठ्ठी लिहिली आणि पुढं गेलो. नवाबसाहेब शेराच्या पहिल्या ओळीवर होते. दोन ओळींचा शेर, पहिली झालेली, दुसरी यायची. अशा वेळी मध्ये तोंड घालणं म्हणजे... आता तुम्हाला कसं सांगू! लग्नात अक्षता पडताना भटजींचा हात धरण्यासारखं. मी चिठ्ठी हातात धरून उभा राहिलो. दुसरी ओळ आली. कप्तानानं मान डोलावली, माझ्याकडे न बघता हात मागं केला, चिठ्ठी घेतली, आणि "इरशाद, इरशाद", म्हणजे पुढचा होऊ द्या, म्हणत ती खिशात ठेवली.

मी एक क्षण थांबलो. नियम आठवत होता. "साहेब, आकडा परत म्हणा" असं नवाबाच्या देखत कप्तानाला म्हणायचं? म्हणजे त्यांना चिठ्ठी वाचता येत नाही असं म्हणायचं? मी माझ्या जागी येऊन बसलो. मनात म्हटलं, लावतील की, रोजचंच तर आहे.

पुढं काय झालं ते मी इतक्या वेळा आठवलंय, की त्यातलं खरं किती आणि मागाहून घातलेलं किती, हे मला आता सांगता येत नाही. विमान खाली यायला लागलं. धुक्यात शिरलं. काटा दोन हजार, पंधराशे, बाराशे. कप्तानाची नजर काट्यावर होती, हे मी शपथेवर सांगेन. काट्यावर नजर, ओठांवर वाह. माझ्या बाजूच्या लहानशा खिडकीतून मी खाली बघितलं. चाकूरच्या आसपास असू. धुकं फाटलं आणि मला ज्वारी दिसली. शेत नाही हो, ज्वारी. कणसं. आणि कणसांच्या वर माळा, चार बल्ल्यांवर बांधलेला, आणि माळ्यावर एक बाई, पाखरं हाकायला उभी, हातात गोफण. गोफण फिरवायला उचललेला तिचा हात तसाच वर राहिला होता. तिचा चेहरा दिसला असं म्हणेन तर खोटं होईल, पण तोंड उघडं होतं, तेवढं दिसलं.

"वर! वर घ्या! वर!" मी मराठीत बोंब मारली. उर्दू, तहजीब, सगळं विसरलो.

कप्तानानं विचारलं नाही, कशाला. दोन्ही हातांनी ओढलं. पोटातलं सगळं खाली गेलं, विमान वर गेलं. पानदान उलटलं. चुना, कात, सुपारी सगळं नवाबसाहेबांच्या शेरवानीवर. "ये क्या है?" ते ओरडले. कप्तान म्हणाले, "हवेचा खड्डा होता, हुजूर." त्यांचा आवाज शांत होता, पण मानेवरून घाम ओघळत होता, जानेवारीत.

लातूरवर धुकं विरलं होतं, काट्याकडे न बघता नुसत्या नजरेच्या अंदाजानं माळावर उतरलो. नवाबसाहेब शेरवानी झटकत गेले. इंजिनं बंद झाली. आम्ही दोघंच राहिलो. उभं विमान, जमिनीवर टेकलेली चाकं, आणि काटा सांगत होता, साडेआठशे फूट. कप्तानसाहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली, उलगडली, वाचली.

"परचा तो तुम दिए थे, मियाँ," ते म्हणाले.

"जी."

"और हम लिए थे." एवढंच बोलले. चिठ्ठीची घडी घालून त्यांनी परत खिशात ठेवली.

दोन तासांचा मुक्काम होता. मी अप्पांबरोबर घरी जेवायला गेलो. वाटेत त्यांनी विमानाचा विषय काढला नाही. मला वाटलं, बरं झालं, त्यांना काही कळलेलं नाही. भाकरी मोडली आणि म्हणाले, "ती माळ्यावरची बाई दिसली का तुला?"

मी मान वर केली. "दिसली."

"मला वाटलं, मला एकट्यालाच दिसली." आणि मग पोराटोरासारखे प्रश्न विचारायला लागले. उंची कशी कळते, घड्याळ कुठं असतं, ते चुकतं कसं. रागाचा लवलेश नाही. मीही ताटात भाकरीचे तुकडे मांडून सांगायला लागलो, हे नांदेड, हे लातूर, ही गुंडी. अप्पा ताटाकडे बघत होते.

"म्हंजे नांदेडचं माप रितं न करता त्याच्यावरच लातूरचं भरलं," ते म्हणाले.

मी थक्क झालो. मला शिकायला सहा महिने लागले होते. "हो. अगदी तसंच."

"आकडा कुणापाशी हुता?"

"माझ्यापाशी. मी चिठ्ठी दिली."

"तोंडानं म्हटलास?"

"नवाबसाहेब शेर म्हणत होते, अप्पा."

"त्या कप्तानानं तरी परत म्हटला?"

"नाही."

अप्पांनी भाकरी खाली ठेवली. "मग तू तिथनं हाललास कसा?"

मला राग आला. खरं सांगतो, लाज वाटायला हवी होती, पण आधी रागच आला. ओरडलो, "अप्पा, तो तुमचा गंज नाही! तिथं मोठी माणसं असतात. तिथं बोलायची एक रीत असते. पायली घेऊन आरडाओरडा करायची जागा आहे का ती?"

"न्हाई खरं," अप्पा म्हणाले आणि हात धुवायला उठले. मी उपाशीच मैदानावर गेलो.

तो आठवडा मी हैदराबादेत वेड्यासारखा काढला. झोप लागेना म्हणून नाही, कुतूहल सुटेना म्हणून. कप्तान बघत होते, मग त्यांना दिसलं का नाही? मी परीक्षा घ्यायला लागलो. खानावळीतल्या आचाऱ्याला एक आकडा सांगायचो, लक्षात ठेव म्हणायचो, आणि मग भांडी आपटायचो. आकडा राहायचा. गाणं म्हणायचो, राहायचा. मग म्हणायचो, "काय हो, मुलीच्या सासरची माणसं कशी आहेत?" गेला! आकडा साफ गेला. न्हाव्यावर करून बघितलं, चौकीदारावर करून बघितलं. चौकीदार तर म्हणाला, कसला आकडा? शेवटी एका मित्राला माझ्यावर करायला लावलं. त्यानं आकडा सांगितला आणि विचारलं, "वडील सुखरूप पोचले ना?" मी म्हणालो, हो. आणि आकडा विचारला तर माझ्या डोक्यात नुसती पोकळी.

म्हणजे गडबडीनं आकडा जात नाही. ज्याला नीट उत्तर द्यावं लागतं, मान राखावा लागतो, असं बोलणं आलं की जातो. डोळे काट्यावरच राहतात, पण त्यांच्या मागचा माणूस उठून पाहुण्याला सामोरा जातो. आणि मग मला उमगलं की असं कधीच होत नाही असा एकच माणूस मी पाहिलाय. तो तहसीलदारासमोर सत्तावीस म्हणत उभा होता. मला रडू आलं. एवढा मोठा घोडा झालो होतो, पण रडलो.

हे सगळं समजलं, म्हणून हिंमत आली असं मात्र नाही. नवाबसाहेब पुढच्या गुरुवारीही यायचे होते. मध्ये तोंड घातलं तर नोकरी जाणार, हे ढळढळीत दिसत होतं. आमच्या घरातली ती पहिली नोकरी. मी ठरवलं, बघू. बघू म्हणजे काय, तर नाही.

गुरुवारी नांदेडला उतरलो. मैदानाच्या कडेला लिंबाखाली माणसं उभी होती. त्यांत अप्पा! धुतलेलं धोतर, काखेत पिशवी. मी धावतच गेलो.

"अप्पा, तुम्ही इथं? आत्याला बरं नाही का?"

"बरी हाय ती."

"मग कशाला आलात?"

"लातूरला जायचंय."

"अहो, लातूरहूनच तर आलात!"

"हाव. काल आलो. मोटारीनं. लई हाडं दुखून राहिली."

"मग इथं काम काय होतं?"

"काय न्हाई," अप्पा म्हणाले आणि विमानाकडे चालायला लागले. शिडीपाशी थांबले. मग कठड्याला धरून एकेक पायरी चढले आणि त्याच पहिल्या खिडकीशी जाऊन बसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हा माणूस कशाला आलाय ते.

नवाबसाहेब नव्या शेरवानीत आले, पुढं बसले. म्हणाले, मागच्या खेपेला गझल अर्धवट राहिली. कप्तानसाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांनाही आठवत होतं, नाही कसं? पण पाहुणा तो पाहुणा, आणि तो मालकासारखा. "इरशाद," कप्तान म्हणाले.

खाली पुन्हा तेच धुकं. आकडा आला, नऊशे एकोणचाळीस. मी चिठ्ठी घेऊन पुढं गेलो आणि अदबीनं म्हटलं, "साहब, नौ सौ उनतालीस." कप्तानानं चिठ्ठी घेतली आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. थांबा, शेर पुरा होऊ दे. शेर पुरा झाला, दुसरा सुरू झाला. बोट खाली आलं, पण गुंडीकडे गेलं नाही. आचाऱ्यासारखंच, न्हाव्यासारखंच, चौकीदारासारखंच. मी डोळ्यांनी बघत होतो, आकडा त्यांच्या डोक्यातून निघून चालला होता. विमानाचं नाक खाली झुकलं.

मी मागं वळून बघितलं. मधलं दार उघडंच होतं. अप्पा डोळे मिटून बसले होते, दोन्ही हातांनी खुर्ची धरून.

आणि माझ्या तोंडातून निघालं, मराठीत, गंजातल्या सुरात, छातीतून, "एकोणचाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस..."

नवाबसाहेब ओळीच्या मध्यात थांबले. "ये क्या बदतमीज़ी है?"

"एकोणचाळीस, एकोणचाळीस..." मला थांबताच येईना. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करायची छाती झाली नसती. "एकोणचाळीस, एकोणचाळीस..."

कप्तान वळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि या खेपेला त्यांना घड्याळ दिसलं. दिसलं म्हणजे काय, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्यांचा हात गुंडीवर गेला. काटा बाराशेवरून सरकत सरकत साडेतीनशेच्या खाली आला. त्यांनी विमान वर घेतलं, आणि मग मोठ्यानं, शाळेतल्या मुलासारखं म्हणाले, "उनतालीस."

मी गप्प झालो. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. नवाबसाहेब लातूर येईपर्यंत बाहेर बघत राहिले, उतरताना माझ्याकडे बोट करून कप्तानाला काहीतरी म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात मला विमानातून काढून कचेरीत बसवल्याचा हुकूम आला. दीड महिना मी तिथं डाकेवर शिक्के मारले. मग कप्तानसाहेब वरच्या साहेबांपुढं गेले आणि मागच्या खेपेची स्वतःची चूक स्वतःच्या हातानं लिहून दिली. न मागता दिली. त्याबद्दल त्यांनाही चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या, पण मला परत घेतलं. त्यानंतर विमान खाली घ्यायची वेळ आली की ते स्वतःच हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे आणि म्हणायचे, "हौ मियाँ, सुरू करो तुम्हारा." मग मी आकडा घोकायचो, ते गुंडी लावून परत म्हणायचे, तेव्हाच मी थांबायचो.

पण हे मागाहूनचं. त्या गुरुवारी लातूरच्या माळावर अप्पा सगळ्यांच्या शेवटी शिडीवरून उतरले. घराकडे आम्ही पायीच निघालो. चालता चालता ते म्हणाले, "ऐकू आला आकडा. मागपर्यंत."

"नोकरी गेली बहुतेक, अप्पा."

"काय म्हणाला तो नवाब?"

"बदतमीज म्हणाले."

"मला तहसीलदार बैल म्हणाला हुता," अप्पा म्हणाले, आणि इतकं हसले, की रस्त्यात थांबून पटका सारखा करावा लागला. मीही हसलो. त्यांच्याबरोबर असा मी कधी हसलो नव्हतो.

गंजाच्या वळणावर मात्र मला राहवेना. विचारलं, "अप्पा, आणि मी म्हटलाच नसता तर?"

"तर काय?" ते म्हणाले. "मी हुतोच की तिथं तुझ्यासंगं."